रिंगणातलं कबूतर

भाषेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि सहावीचा त्यांचा गोष्टलेखनाचा तास माझ्या गळ्यात पडला. मला त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची. गोष्ट लिहायला कसं शिकवतात याची काडीची कल्पना नव्हती, म्हणून आधी मुलांच्या जुन्या वह्या वाचून काढल्या. अडतीस वह्या, आणि जवळजवळ प्रत्येकीत एक म्हातारा, एक जंगल, एक परी आणि शेवटी तात्पर्य. कुणी स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिल्याची एक ओळ सापडेना.

मग मला जे येत होतं तेच केलं. आधी निरीक्षण, मग नोंद, अनुमान सगळ्यात शेवटी. वर्गातली बाकं भिंतीला सरकवली, मधोमध खडूने मोठं रिंगण आखलं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. दोघांनी रिंगणात यायचं, चिठ्ठी काढायची आणि काही न ठरवता सुचेल ते नाटक करायचं. बाकीच्यांनी नोंदी घ्यायच्या: कुणाला काय हवं होतं, आडवं काय आलं, आणि डोळ्यांना, कानांना, नाकाला नेमकं काय मिळालं. मग त्या नोंदींवरून प्रत्येकाने आपापली गोष्ट लिहायची.

रिंगणाचे नियम दोन. समोरच्याने जे दिलं ते नाकारायचं नाही. तो म्हणाला, तुझ्या डोक्यावर माकड बसलंय, तर बसलंय. आणि रिंगणात बोललेलं खरं की खोटं, हे कुणी कधीही विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. विचारलं तर आठवडाभर फळा पुसायचा. हा दुसरा नियम पहिल्या दिवशी नव्हता. त्या दिवशी एका मुलाने चिडलेल्या बापाचं काम केलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, “तुझे पप्पा असेच मारतात का रे?” तो मुलगा जागच्या जागी मिटला. नियम मी तेव्हाच्या तेव्हा फळ्यावर लिहिला.

त्यानंतर मुलं सुटली. रिंगणात बँक लुटली गेली, एक सासू जावयाला विकायला निघाली, एका दातदुखीवाल्याने डॉक्टरचाच दात काढला. पण या तासाची खरी राणी होती थापाडी. हे नाव तिला दुसरीपासून चिकटलेलं. तिच्या मामाच्या न्हाणीघरात मगर होती, तिच्या आजोबांना विजेने तीनदा शिवलं होतं, आणि ती स्वतः एकदा झोपेत पोहायला शिकली होती. तिची आई शाळेत सफाईचं काम करायची. आम्ही सगळे तिच्या आईला मावशी म्हणायचो. शाळा सुटली की आईचं काम संपेपर्यंत थापाडी किल्ल्यांचा जुडगा घेऊन रिकाम्या इमारतीत हिंडायची.

“थाप पचायला हवी असेल,” मी वर्गाला सांगायचे, “तर तिच्यात एक तरी असा तपशील घाला, ज्याची काही गरज नव्हती. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं कोण कशाला बनवून सांगेल?”

हे वाक्य थापाडीने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं.

एका मंगळवारी चिठ्ठी निघाली: ‘तहानलेला पाहुणा’. वर्गातला चष्मेवाला चष्मिष पाहुणा झाला, थापाडी घरमालकीण.

“काकू, घसा कोरडा पडलाय हो!” चष्मिषने रिंगणात पाऊल टाकताच गळा धरला. “घोटभर पाणी मिळेल का?”

“मिळेल की. बसा भाऊजी. आधी कबूतर बाजूला सारते.”

चष्मिष गडबडला. पण नियम म्हणजे नियम. “हो हो, सारा. पाळलेलं आहे का?”

“छे! मेलेलं आहे. टाकीत.”

“ईऽऽऽ!” वर्ग एका सुरात म्हणाला.

“अरेरे,” चष्मिषने टोपी काढल्यासारखं केलं. “फार दिवस झाले का जाऊन?”

वर्ग हसून लोळला. थापाडी हसली नाही. ती वाकली, आणि हाताने पाण्यावरचं काहीतरी हळूच लांब ढकलल्यासारखं केलं. दोनदा. तिसऱ्यांदा. “झाकणाचा तुकडा उडालाय, तिथनं आत पडलं. एका कुशीवर आहे. फुगलंय, पण बुडत नाही. ढकललं की परत येतं. पिसं टाकीच्या भिंतीला चिकटलीत. पाण्यावर साय धरलीय, उन्हात तिच्यात रंग दिसतात.”

“वास नाही ना येत?”

“येतो की. ओल्या मोज्यांसारखा. आणि त्याच्यावर जरासा गोड.” तिने नाक मुरडलंसुद्धा नाही. “पायात शिवणाचा हिरवा दोरा अडकलाय. दोन वेढे, एक गाठ. आणि एक डोळा उघडाच आहे, भाऊजी. घ्या. पोटभर प्या.”

तिने पुढे केलेला हवेतला पेला नाकारायची सोय नव्हती. चष्मिषने डोळे मिटले, पेला तोंडाला लावला, घोट गिळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही कारभार झाला की पुढच्या बाकावरच्या दोघी पोट धरून खाली बसल्या. “चव छान आहे हो काकू,” तो कसाबसा म्हणाला. “मुलांनाही हेच देता?”

“रोज देते,” थापाडी म्हणाली. “सगळ्यांना.”

टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘हिरवा दोरा’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. “या दोऱ्याची काही गरज होती का? नव्हती. पण दोरा आला आणि तुम्हाला कबूतर दिसलं की नाही? याला म्हणतात कल्पनाशक्ती.” मी थापाडीला दहापैकी दहा दिले. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, खूश झाली.

घंटा झाली. हसून हसून सगळ्यांना तहान लागली होती. मुलं व्हरांड्यातल्या नळावर तुटून पडली. मीही माझी बाटली भरून घेतली. पाणी गार होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत माझ्याकडे नोंदी होत्या, अनुमान नव्हतं. हजेरीपटात सहावीचे तीन जण गैरहजर, मग पाच, मग आठ, मग अकरा. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तेच: पोट. मी मुलांकडून त्याचा स्तंभालेखही काढून घेतला, कारण गणिताच्या सरांना स्तंभालेखाचा सराव हवा होता. रंगीत खडूंनी सुरेख स्तंभ काढले मुलांनी. माझंही पोट अधूनमधून ढवळायचं. मी चहा कमी केला.

मग विज्ञानाच्या तासाला ‘दूषित पाणी’ हा धडा आला. महाविद्यालयातून उरलेल्या तपासणीच्या तीन बाटल्या माझ्याकडे होत्या. आत रसायन माखलेली कागदाची पट्टी असते; पाणी भरून दोन दिवस उबेत ठेवायचं, पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ते काळं पडतं. एका बाटलीत मी उकळलेलं पाणी घेतलं, दुसरीत माझ्या घरचं, तिसरीत शाळेच्या नळाचं. मुलांनी पैजा लावल्या. बहुतेकांनी माझ्या घराला दोष दिला.

दोन दिवसांनी खिडकीतल्या दोन बाटल्या जशाच्या तशा होत्या. तिसरी डांबरासारखी काळी.

“आपली जिंकली!” चष्मिष ओरडला, आणि उरलेल्या वर्गाने शाळेच्या नावाने जयजयकार केला.

मी ती बाटली हातात धरून उभी राहिले. माझ्या जिभेला अचानक एक बुळबुळीत जाणीव झाली, जणू ती माझी नव्हतीच. जयजयकारात एकटी थापाडी गप्प होती. ती फरशीवरच्या रिंगणाची पुसट रेघ बघत होती.

मधल्या सुट्टीत मी तिला जिन्याखाली गाठलं.

“ते कबूतर...”

“बाई, रिंगणातलं विचारायचं नाही.”

“नियम मी केलाय. मीच मोडते.”

“मग आठवडाभर फळा पुसा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. ती बुटाच्या टोकाने फरशीचा कोपरा खरवडत होती. “मी काही सांगितलं नाही. मी फक्त नाटक केलं.”

तिने ओठ आत ओढून घेतले. मी तिला जाऊ दिलं. माझ्या पुढ्यात तिने सगळं मांडलं होतं, रंग, वास, तरंगण्याची रीत, आणि मी त्याला कल्पनाशक्ती म्हटलं होतं. खडूने दोन रेघा ओढून.

मावशी सामानाच्या खोलीत फडकी पिळत होत्या.

“मावशी, गच्चीची किल्ली द्या.”

“कशाला हो बाई? वर काही नाही.”

“कबूतर आहे.”

मावशी उपड्या बादलीवर बसल्या. हातातल्या फडक्यातून पाणी गळत राहिलं. “कार्टीने सांगितलं?”

“तिने नाटक केलं. मी टाळ्या वाजवल्या.”

“तीनदा सांगितलं हो मी कारकूनभाऊंना,” मावशी दाराकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या. “झाकण फुटलंय, माणूस बोलवा, माझ्या गुडघ्यांनी मला त्या टाकीत उतरवत नाही. म्हणाले, बोलावू. मग ते पाखरू पडलं. परत गेले. तर म्हणाले, गाजावाजा करू नकोस. टाकी साफ केल्याच्या कागदावर सही तुझी आहे, अडकशील तूच. आणि पुढच्या तारखेचा कागद पुढे केला.” त्यांनी मान खाली घातली. “मी केली सही. पोरगी शिडी धरायला म्हणून वर आली होती, तिने नको ते बघितलं. तिला शपथ घातली, कुणाला सांगशील तर माझं काम जाईल.”

“ती हेच पाणी पिते?”

मावशींनी फडकं पुन्हा पिळलं. “तिला घरून बाटली देते.”

मला त्यांची कीव यायला हवी होती, आणि आलीही, पण त्याआधी घशाशी दुसरंच काहीतरी आलं. ते त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. “बाकीची पोरं नळावर रांग लावतात ते बघून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, बाई,” त्या म्हणाल्या आणि किल्ली काढून दिली. इतर किल्ल्यांत मिसळू नये म्हणून तिला पिवळ्या लोकरीचा तुकडा बांधलेला होता.

टाकी काळ्या प्लॅस्टिकची, माझ्या खांद्याएवढी उंच. झाकणाचा चतकोर भाग उडालेला, त्यावर कुणीतरी पुठ्ठा टाकून वीट ठेवलेली. पुठ्ठा भिजून लगदा झाला होता आणि अर्धा आत पडला होता. मी वीट उचलली.

वास आधी आला. ओले मोजे, आणि त्याच्यावर जरासा गोड. मग डोळे अंधाराला सरावले. पाण्यावर राखाडी साय होती. तिला मध्ये मध्ये भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून तेलकट रंग हलत होते. भिंतीला पिसं चिकटलेली. कबूतर एका कुशीवर होतं, पण आता त्याची बाह्यरेषा सुटत चालली होती, उकडून गेलेल्या बटाट्यासारखी. पोटाच्या जागी काहीतरी पांढरं, बारीक, एकसारखं वळवळत होतं. मी काठीने ते ढकललं. ते फिरलं, लांब गेलं, आणि हळूहळू परत माझ्याकडे आलं. डाव्या पायात शिवणाचा हिरवा दोरा होता. दोन वेढे, एक गाठ.

थापाडीने सांगितलेलं सगळं होतं. फक्त डोळा नव्हता.

मी गच्चीच्या कठड्याशी जाऊन ओकले. ओकताना डोक्यात, सवयीने, हिशेब चालूच होता: नाटकाच्या दिवसापासून शाळेचे सोळा दिवस, दिवसाला पाऊण लिटर, म्हणजे बारा लिटर. बारा लिटर हे मी प्यायले होते. मी पुन्हा ओकले.

मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणायचे. मी त्यांच्या खोलीत काळी बाटली टेबलावर ठेवली आणि टाकीत काय आहे ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग कोपऱ्यातल्या मोठ्या पाण्याच्या जारकडे हात करून म्हणाले, “आधी पाणी घ्या. थरथरताय तुम्ही. निर्धास्त घ्या, हे बाहेरून येतं.”

मी त्या जारकडे बघत राहिले. निळसर, स्वच्छ, आरपार दिसणारा. त्याच्या तोटीला छोटा रुमालसुद्धा बांधला होता.

“झालं ते वाईट झालं,” सर म्हणाले. “पण कबूतर म्हणजे काही साप नव्हे. नदीत काय कमी मरतं?”

“सहावीची अकरा मुलं घरी आहेत, सर.”

“म्हणूनच जबाबदारी निश्चित झाली पाहिजे.” त्यांनी घंटी वाजवली. कारकून फाइल घेऊनच आला, जणू दाराबाहेर उभा होता. सरांनी पानं उलटली. “टाकीची पाहणी, स्वच्छता, दर पंधरा दिवसांनी. सही कुणाची? मावशींची. झालं तर मग. आजच कामावरून कमी करू आणि पालकांना कळवू, एका कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.”

“त्यांनी तीनदा सांगितलं होतं.”

सरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने पंख्याकडे पाहिलं. “माझ्या तरी कानावर नाही बुवा.”

“आणि काय हो,” सर माझ्याकडे वळले, “गच्चीवर जायला किल्ली दिली कुणी तुम्हाला?”

खरं बोलले असते तर मावशींच्या गळ्याभोवतीचा फास मीच आवळला असता. आयुष्यात कधी मी एखादी नोंद बदललेली नाही. प्रयोग फसला तर फसला असं लिहायचे, त्यासाठी कमी गुण घ्यायचे. पण समोर दोन माणसं उभी होती, काही ठरलेलं नव्हतं, आणि मला बोलायचं होतं.

“किल्ली माझ्याकडेच असते,” मी म्हणाले. “टाकीची पाहणी मी मागून घेतली होती. विज्ञानाचा उपक्रम म्हणून.”

“कधीपासून?”

“आल्यापासून. मावशींना म्हटलं होतं, तुम्ही नुसती सही करत जा, बघायचं काम माझं.” सरांच्या भुवया वर गेलेल्या पाहून मी खिशातून किल्ली काढली. “ही बघा. घरचं लोकरीचं गुंडाळं सुटलं तेव्हा मीच हा तुकडा बांधला. पिवळा, म्हणजे लगेच सापडते.”

“आहे खरी पिवळी लोकर,” कारकून मध्येच म्हणाला. “मी पाहिलीय.”

“आणि तुम्ही टाकी बघत होतात?”

“नाही,” मी म्हणाले. “राहून गेलं.”

सरांच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. तिथे हळूहळू समाधान पसरलं. सफाईवाली बाई गेटावर रडेल, चार लोकांना सांगेल. विज्ञानाची शिक्षिका स्वतःच्याच सहीखाली गप्प बसेल. हे गणित मला त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं.

“मग पालकांना कशाला घाबरवायचं? कागद नव्याने करावे लागतील, इतकंच,” ते मऊ आवाजात म्हणाले. “‘विज्ञान विभागामार्फत पाण्याची तपासणी’. वजन येईल त्याला. तुमच्या आल्यापासूनच्या आठ तारखा. आणि पुढे, पाणी पिण्यायोग्य आढळलं.”

“आढळलं नाही, सर.”

“ते आज. मी आधीचं म्हणतोय. तुम्ही पाहिलंच नव्हतं, म्हणजे वाईट असं काही आढळलं नव्हतं. हो की नाही?”

एवढं तर्कशुद्ध आणि एवढं घाणेरडं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी दोन गोष्टी मागितल्या. नळ आत्ताच्या आत्ता बंद करायचा, आणि मावशींचं नाव कुठल्याही कागदावर राहता कामा नये. दोन्ही लगेच मान्य झाल्या. कारकुनाने जुने कागद माझ्यासमोर फाडले, नवे टाइप करून आणले. मी आठ सह्या केल्या. पेन बुळबुळीत लागत होतं. बहुधा माझ्याच घामाने.

“झाकली मूठ,” सर उठत म्हणाले, “सगळ्यांच्याच सोयीची. रविवारी टाकी साफ होईल. मुलांना सांगा, पाइपचं काम आहे, दोन दिवस पाणी घरून आणा.”

घरी जाऊन मी साबणाने हात धुतले, मग कोपरापर्यंत धुतले, मग दात घासले. आई म्हणाली, “काय गं, ऑपरेशन करून आलीस का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी गोट्याची आई उभी होती. गोट्या सहावीतला, नऊ दिवस घरी. तिच्या हातात औषधांची पिशवी.

“बाई, वर्गात काय शिकवलं ते वहीत लिहून द्याल का? अजून उठवत नाही त्याला.” मग तिने आवाज खाली आणला. “डॉक्टर विचारतात, बाहेरचं काय खाल्लं? हा म्हणतो, काही नाही. खोटं बोलतो म्हणून काल दोन ठेवून दिल्या. तापातल्या पोराला मारलं मी. पण खरं सांगायला नको का त्याने? डॉक्टरांनी औषध द्यायचं कशावर?”

कारकून फाटकाला टेकून उभा होता. नखं बघत होता.

“काळजी घ्या,” मी म्हणाले.

काळजी घ्या! जिना चढताना तो शब्द माझ्या तोंडात टाकीतल्या सायीसारखा पसरला. जारमधलं पाणी देऊ करणारे मोठे सर आणि मी, यांत आता फरक काय होता? तेही अगदी असंच, मायेने बोलले होते.

तास गोष्टलेखनाचाच होता. सत्तावीस मुलं, बाकावर घरच्या बाटल्या.

“बाई, आज परत कबूतर!” पहिल्या बाकावरून मागणी आली. “हो बाई, चष्मिषला परत पाजा!”

“मी नाही, आता तू पी,” चष्मिष म्हणाला.

थापाडी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मी कोपऱ्यातलं फडकं ओलं केलं, गुडघ्यांवर बसले आणि खडूचं रिंगण पुसायला लागले. वर्ग हळूहळू गप्प झाला. शिकवणारी बाई फरशी पुसतेय हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पुसून झाल्यावर मी फळ्यावरचा दुसरा नियमही पुसला.

“आजपासून विचारायचं,” मी म्हणाले. “खरं की खोटं, कुणालाही विचारा. मला विचारा.”

मग चष्मिषने नाकावरून घसरलेला चष्मा वर ढकलला. “बाई... ते कबूतर खरं होतं?”

मावशींच्या सह्या काल माझ्यासमोर फाडल्या गेल्या होत्या. त्या फाइलमध्ये आता एकच नाव होतं, आणि ते माझं होतं. जो काही बडगा पडायचा तो माझ्यावर पडणार होता. सही करताना मला हे सुचलं नव्हतं. आत्ता, ओलं फडकं हातात असताना सुचलं.

“खरं होतं,” मी म्हणाले. “आपल्या टाकीत होतं. अजून आहे. आपण सगळे तेच पाणी पीत होतो. मीही. टाकी नीट आहे अशा आठ सह्या मी केल्यात, आणि त्या आठही खोट्या आहेत.”

मग पुढच्या बाकावरची एक मुलगी खिडकीकडे धावली आणि बाहेर थुंकली. तिच्यामागे चार, मग दहा. कुणी जीभ रुमालाने पुसत होतं, कुणी बाहीने. एक जण रडायला लागला. चष्मिष पांढराफटक पडून बसला होता आणि घसा खाकरून खाकरून काहीतरी बाहेर काढायचा प्रयत्न करत होता. त्याने तर ते दोनदा प्यायलं होतं, एकदा टाळ्यांच्या गजरात. मी कुणालाच थांबवलं नाही. ही किळस त्यांना तीन आठवड्यांपूर्वीच यायला हवी होती. मी तिच्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

आवाज ऐकून कारकून दारात आला. “हा काय गोंधळ?”

“गोष्टलेखनाचा तास आहे,” मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्याची पावलं जिन्यावरून घाईघाईने खाली गेली. फार वेळ नव्हता.

“वह्या काढा. जे झालं ते लिहायचं. घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवायचं, आईला, बाबांना, जे असतील त्यांना. चष्मिष, तू गोट्याच्या शेजारी राहतोस ना? आधी त्यांच्याकडे जा. त्याच्या आईला सांग, गोट्या खोटं बोलला नव्हता, आणि डॉक्टरांना वही दाखवा.”

“बाई,” कुणीतरी विचारलं, “गरज नसलेला तपशील घालायचा का?”

“एकही बनवायचा नाही. जे होतं तेच.”

“पण आम्ही कुठे पाहिलंय?”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. थापाडी उठून उभी राहिली. कानापर्यंत लाल झाली होती. पण तिने आधी माझ्याकडे पाहिलं.

“बाई, डोळा उघडा होता ना?”

“मी पाहिलं तेव्हा डोळा नव्हता.”

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. “मी पाहिलं तेव्हा होता,” ती म्हणाली. “दोन्ही लिहू? तारखेसकट?”

“दोन्ही लिही.”

“ए, कुठल्या पायात होता गं दोरा?” चष्मिषने विचारलं. त्याचा आवाज अजून घोगरा होता. पण दुसरीपासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला काही विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत होतं.

“डाव्या,” थापाडी म्हणाली, आणि सव्वीस पेनं एकदम खाली गेली.